धातूचे कण आणि दोन सेंटिमीटरची पट्टी

किरणोपचाराचे नियोजन करणाऱ्या माणसाला धातू आवडत नाही. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. म्हणजे रुग्णाच्या शरीरात कोणत्या दिशेने किती किरण जातील आणि त्यांतला किती डोस कुठे साचेल, याचा हिशेब मांडणे हे माझे रोजचे काम. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कवटीचा कापलेला तुकडा परत बसवताना टायटॅनियमच्या लहान पट्ट्या आणि स्क्रू वापरतात. त्यांच्यामुळे प्लॅनिंग सीटीवर, म्हणजे उपचार आखण्यासाठी काढलेल्या स्कॅनवर, काळ्या-पांढऱ्या रेघांचा पसारा उमटतो आणि त्या रेघांखालची ऊती नेमकी किती घन आहे हे संगणकाला नीट कळत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या रुग्णांत धातूचा त्रास आणखी ठळक दिसतो. दाढेतल्या धातूच्या भरणाला गालाची आतली बाजू जिथे टेकते, तिथली त्वचा शेजारच्या जागेपेक्षा आधी लाल होते आणि सोलवटते, कारण किरण धातूवर आदळले की त्यातून इलेक्ट्रॉन मागे फेकले जातात आणि लगतच्या ऊतीला ठरवल्यापेक्षा जास्त डोस मिळतो. त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. दात आणि गाल यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा साचा बसवला की हे इलेक्ट्रॉन त्यातच थांबतात आणि गाल वाचतो.

हा साचा बसवायला सांगताना मला हटकून एक विचार येतो. हाच उपद्रव उलटा वापरता आला तर? धातू दाढेत नको, तो गाठीच्या पेशींना चिकटलेला हवा, आणि तो इतका बारीक हवा की त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन त्याच पेशीत संपावेत. मेंदूतील गाठींच्या किरणोपचारात धातूचे नॅनोकण वापरण्याची कल्पना थोडक्यात हीच आहे. यावर गेली वीस-बावीस वर्षे पुष्कळ संशोधन झाले असून त्यातला बराच भाग भौतिकशास्त्राचा आहे. माझे मत मात्र, स्वतः भौतिकशास्त्राकडून आलेली असूनही, असे झाले आहे की या उपचाराचे भवितव्य धातू किती किरण शोषतो यावर फारसे ठरणार नाही. ते ठरेल कण मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात पोहोचतात यावर.

आधी गरज कशासाठी आहे ते पाहू. प्रौढांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. त्याचे आजचे प्रमाण (स्टँडर्ड) उपचार २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीवर उभे आहेत. शक्य तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवड्यांत ३० बैठकींमध्ये एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या डोसचे एकक) किरण द्यायचे आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध सुरू ठेवायचे. त्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. केवळ किरणोपचार घेतलेल्या गटात निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले. औषधाची जोड मिळालेल्या गटात हा आकडा १४.६ महिने झाला आणि दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. या क्षेत्रात एवढ्या फरकालाही क्रांती म्हणतात, यावरून आजाराची जात कळावी.

मग डोस का वाढवत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. तो वाढवून पाहिला गेला आहे, आणि ६० ग्रेच्या पुढे जाऊन आयुष्य वाढल्याचे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांत दिसलेले नाही. निरोगी मेंदूची हानी मात्र वाढत जाते. मेंदूचे खोड आणि दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात ती जागा, यांना साधारण ५४ ग्रेच्या आसपास आम्ही लक्ष्मणरेषा आखतो. कोमट पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पत्री रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवून जो मास्क तयार करतात, त्यामुळे डोके रोज जवळजवळ त्याच जागी येते. किरण अनेक कोनांतून, पाहिजे त्या आकारात वळवता येतात. भूमितीत जे साधायचे ते बहुतेक साधून झाले आहे. बाहेरून किरण कितीही सुबक वळवले तरी गाठीची पेशी आणि तिला खेटून असलेली निरोगी पेशी यांच्यात किरण भेद करू शकत नाहीत, कारण दोघींचीही घडण पाणी, कार्बन, ऑक्सिजन यांचीच. भेद करायचा असेल तर तो ऊतीतच निर्माण करावा लागेल.

इथे धातू उपयोगी पडतो. मऊ ऊतीचा प्रभावी अणुक्रमांक साडेसातच्या आत-बाहेर आहे. गॅडोलिनियमचा ६४, हाफ्नियमचा ७२ आणि सोन्याचा ७९. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या बाबतीत प्रकाशविद्युत परिणामाचा जोर असतो आणि तो ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे काही दशक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात एक ग्रॅम सोने एक ग्रॅम ऊतीपेक्षा शंभरपटीच्या घरात ऊर्जा शोषते. शोषणानंतर अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, रिकामी जागा भरायला वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो आणि त्या घसरणीत सुटलेली ऊर्जा घेऊन आणखी एखादा इलेक्ट्रॉन निसटतो. त्याला ओझे (Auger, हे एका शास्त्रज्ञाचे नाव) इलेक्ट्रॉन म्हणतात. जड अणूत अशी उतरंड लागते आणि एकामागून एक अनेक इलेक्ट्रॉन निघतात. त्यांतले पुष्कळसे इतके कमी ऊर्जेचे असतात की काही नॅनोमीटर ते काही शे नॅनोमीटर एवढ्याच अंतरात ते आपली सगळी ऊर्जा ओतून थांबतात. एवढ्या लहान जागेत एवढी दाट ऊर्जा मिळाली की पेशीला ती दुरुस्त करणे अवघड जाते.

ही कल्पना सोन्यापासून सुरू झाली नाही. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या आयोडीनयुक्त द्रवामुळे क्ष-किरणांचा परिणाम वाढतो, हे १९७०-८० च्या दशकांतच लक्षात आले होते. पुढे आमोस नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सीटी यंत्रातच बदल करून, आयोडीन देऊन, मेंदूत पसरलेल्या गाठींवर त्याच यंत्राने उपचार करून पाहिले. आयोडीनची अडचण अशी की ते पेशीत शिरत नाही आणि रक्तातून लवकर निघून जाते.

सोन्याचे नाव झाले ते २००४ साली. जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १.९ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण उंदरांच्या शिरेत सोडले आणि मांडीतल्या गाठींवर २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण दिले. वर्षभरानंतर सोने आणि किरण दोन्ही मिळालेल्या उंदरांपैकी ८६ टक्के जिवंत होते, नुसते किरण मिळालेल्यांपैकी २० टक्के, आणि नुसते सोने मिळालेला एकही नाही. हे आकडे प्रत्येक भाषणात दाखवले जातात. मात्र त्यांच्यासोबत आणखी एक आकडा दाखवायला हवा: सोन्याचे प्रमाण दर किलो वजनामागे २.७ ग्रॅम होते. वजनाच्या सरळ हिशेबाने पाहिले तर साठ किलोच्या माणसासाठी १६२ ग्रॅम सोने शिरेतून सोडावे लागेल. उंदरावरून माणसाचा हिशेब असा सरळ करत नाहीत हे मला मान्य आहे, पण प्रयोगाची पातळी कळायला तो पुरेसा आहे. २०१३ साली याच गटाने मेंदूतील गाठ असलेल्या उंदरांवर ३० ग्रे डोससह असाच प्रयोग केला आणि मरणाच्या दारात असलेल्या उंदरांपैकी सुमारे निम्मे वर्षापलीकडे गाठीशिवाय जगले. त्यातही सोने दर किलोमागे ग्रॅममध्येच होते.

दुसरी अट किरणांच्या ऊर्जेची. वरचे प्रयोग किलोव्होल्टच्या पट्ट्यातले आहेत, आणि आम्ही माणसांवर वापरतो तो लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचे यंत्र, बहुधा ६ मेगाव्होल्टचा असतो. एवढ्या ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम मागे पडतो आणि कॉम्प्टन परिणाम (किरण इलेक्ट्रॉनला धडकून थोडी ऊर्जा देतो आणि विखुरतो तो) पुढे येतो, ज्याला अणुक्रमांकाचे फारसे सोयरसुतक नसते. मेगाव्होल्टच्या किरणांसमोर एक ग्रॅम सोने आणि एक ग्रॅम ऊती जवळजवळ सारखीच. माझ्यासारख्या माणसाने हा हिशेब कागदावर मांडला की गाठीत मिळू शकेल अशा प्रमाणातल्या सोन्यामुळे सरासरी डोस जेमतेम एखादा टक्का वाढताना दिसतो. रोजच्या मोजमापात एवढा फरक आम्ही यंत्राच्या चढउतारात धरतो. तिथेच थांबले असते तर विषय संपला होता.

पण काचेच्या बशीतल्या पेशींवर मेगाव्होल्टचे किरण देऊन केलेल्या अनेक प्रयोगांत परिणाम या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाला. सुरुवातीला मला वाटले की कुठेतरी मोजण्यात चूक असेल. तसे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. एक स्पष्टीकरण असे की सरासरी डोस हे मापच इथे चुकीचे आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मॅकमहॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की ज्या मोजक्या कणांवर किरण आदळतात, त्यांच्याभोवती काही दशक नॅनोमीटरपर्यंत डोस प्रचंड वाढतो आणि पेशीच्या दृष्टीने तो घाव जड आयनांच्या (वजनदार, विद्युतभारित कणांच्या) घावासारखा ठरतो. माझे नियोजनाचे सॉफ्टवेअर एक-दोन मिलिमीटरच्या घनांत डोस मोजते. त्या एका घनात पेशींची गर्दी असते. पावसाची सरासरी काढून गारपीट कळत नाही, तसेच हे आहे. शिवाय शरीरात खोलवर किरण विखुरले जातात आणि त्यांत कमी ऊर्जेचे किरणही मिसळतात, ज्यांच्यासमोर धातू पुन्हा प्रभावी होतो.

दुसरे स्पष्टीकरण भौतिकशास्त्राच्या हद्दीबाहेरचे आहे आणि ते मला अधिकाधिक पटू लागले आहे. पेशीने गिळलेले कण बहुतेक करून केंद्रकात जात नाहीत. ते पेशीद्रवातल्या पिशव्यांमध्ये अडकून राहतात. तिथून डीएनएपर्यंतचे अंतर काही मायक्रोमीटरचे, आणि ओझे इलेक्ट्रॉनांची धाव त्या मानाने फारच तोकडी. म्हणजे ते थेट डीएनए तोडत असतील असे मानणे कठीण आहे. त्याऐवजी कणाच्या पृष्ठभागाजवळ पाण्याचे मुक्त मूलकांत (आसपासच्या रेणूंना इजा करणाऱ्या अस्थिर कणांत) रूपांतर होणे, तंतुकणिकांचे काम बिघडणे, डीएनएच्या दुरुस्तीची यंत्रणा मंदावणे असे परिणाम वेगवेगळ्या प्रयोगांत आढळले आहेत. त्यामुळे कणाच्या आवरणालाही महत्त्व येते. कण रक्तात गुठळी न होता टिकावा म्हणून त्यावर सेंद्रिय रेणूंचा थर देतात. हा थर जाड झाला की कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यातच विरतात. दात आणि गाल यांच्यामधला साचा जे काम करतो, तेच काम इथे नको असताना होते.

आता मूळ मुद्द्याकडे. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर वाहिन्यांसारख्या सैल नसतात. त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात आणि रक्तातले बहुतांश पदार्थ त्या आत येऊ देत नाहीत. पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. ग्लिओब्लास्टोमाच्या गाभ्यात हा रक्त-मेंदू अडथळा फाटलेला असतो. तिथल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, आणि एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचा द्रव दिल्यावर गाठीची जी पांढरी कड उजळते, ती या गळतीमुळेच. नॅनोकण गाठीत शिरतात तेही बहुतेक याच वाटेने.

अडचण अशी की ही पांढरी कड शल्यविशारदाने आधीच काढलेली असते. माझ्या पडद्यावर प्लॅनिंग सीटी येतो तेव्हा तिथे बहुधा द्रवाने भरलेली पोकळी असते. त्या पोकळीभोवती आम्ही साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतची पट्टी आखतो, कारण गाठ पुन्हा उद्भवते ती बहुतेक वेळा या पट्टीतच. या पट्टीत गाठीच्या पेशी चेतातंतूंच्या कडेकडेने, एकेकट्या किंवा लहान घोळक्यांत, निरोगी पेशींमध्ये मिसळून पुढे सरकलेल्या असतात. आणि तिथला रक्त-मेंदू अडथळा बऱ्याच अंशी शाबूत असतो. ज्या पेशींसाठी हे सारे करायचे, त्यांच्याच दाराला कुलूप, आणि जिथे दार उघडे आहे तिथला माल आधीच हलवलेला. उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत पेशी टोचून वाढवलेली गाठ गोळीबंद आणि गळकी असते, शस्त्रक्रिया झालेली नसते. म्हणून तिथले आकडे पाहताना मी हात राखून असते. अडथळा नसलेल्या अवयवांतही परिस्थिती काही उदार नाही. २०१६ साली दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले.

दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेल्या गाठींचे चित्र यापेक्षा बरे आहे. त्या तुलनेने गोळीबंद असतात, त्यांच्या वाहिन्या गळक्या असतात आणि अनेकदा त्या न काढताच किरण दिले जातात. मेंदूसाठी माणसांवरची गंभीर चाचणी इथूनच सुरू झाली, ते शहाणपणाचे होते. फ्रान्समधल्या लिऑनमध्ये तयार झालेले अ‍ॅग्विक्स नावाचे कण पाच नॅनोमीटरच्या आसपासचे आहेत. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या सांगाड्याला गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारे रेणू जोडलेले. ग्रनोबलमध्ये कामी व्हेरी आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांना दर किलोमागे १५ ते १०० मिलिग्रॅम या चढत्या प्रमाणात ते शिरेतून दिले आणि संपूर्ण मेंदूला १० बैठकींत ३० ग्रे किरण दिले. सर्वांत मोठ्या मात्रेलाही साठ किलोच्या माणसाला सहा ग्रॅम औषध पुरते, आणि त्यातले गॅडोलिनियम आणखी कमी. उंदरांच्या १६२ ग्रॅमच्या हिशेबानंतर हा आकडा वाचून मला हायसे वाटले होते.

या कणांची मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे ते एमआरआयवर दिसतात. कण गाठींत जमले, भोवतालच्या निरोगी मेंदूत जमले नाहीत आणि आठवडाभरापर्यंत गाठीत त्यांचा माग लागला, हे चित्रातून दाखवता आले. मूल्यमापन शक्य झालेल्या १४ रुग्णांपैकी १३ जणांच्या गाठी स्थिर राहिल्या किंवा आकसल्या. पण हा पहिला टप्पा होता, सुरक्षितता पाहण्याचा; तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि नुसत्या किरणांनीही काही काळ गाठी स्थिर राहतातच. म्हणून १४ पैकी १३ हा आकडा कुणी यशाचा दर म्हणून सांगू लागले की मी अस्वस्थ होते.

धातूचे कण माणसात खरेच उपयोगी पडतात याचा तुलनात्मक पुरावा मेंदूबाहेरचा आहे. नॅनोबायोटिक्स या फ्रेंच कंपनीचे हाफ्नियम ऑक्साइडचे कण मऊ ऊतींच्या सार्कोमात थेट गाठीत टोचून मग किरण दिले, तेव्हा शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत जिवंत पेशी जवळजवळ न उरण्याचे प्रमाण १६ टक्के होते, आणि नुसत्या किरणांनंतर ८ टक्के. १८० रुग्णांची ही चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. मात्र तिथे सुई थेट गाठीत जाते. मांडीत हे जमते. मेंदूत दोन सेंटिमीटरच्या पट्टीत जागोजागी सुया खुपसण्याचा विचारही करवत नाही.

मेंदूत सुईने कण सोडण्याचा एक प्रयत्न जर्मनीत झाला, पण लोहाच्या ऑक्साइडचा आणि वेगळ्या तत्त्वावरचा. तिथे बाहेरून बदलते चुंबकीय क्षेत्र लावून कण तापवायचे आणि त्याच सुमारास किरण द्यायचे. २०११ च्या अहवालात गाठ पुन्हा उद्भवलेले ५९ रुग्ण होते आणि पुनरुद्भवाच्या निदानानंतर निम्मे जण १३.४ महिन्यांपलीकडे जगले. तुलनेचा गट इथेही नव्हता. किंमत मात्र वेगळ्याच प्रकारे मोजावी लागली. क्षेत्रात धातू तापतो म्हणून रुग्णांच्या दातांतली धातूची भरणे आधी काढावी लागत, आणि मेंदूत राहिलेल्या लोहामुळे नंतर त्या भागाचा एमआरआय वाचता येत नसे. ज्या आजारात दर काही महिन्यांनी एमआरआयकडे डोळे लावून बसावे लागते, तिथे हा तोटा लहान नाही.

सोन्याचे कण माणसाच्या ग्लिओब्लास्टोमात शिरेतून पोहोचतात का, याचे थेट उत्तर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाकडून मिळाले. आठ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी न्यूक्लिक आम्लाने मढवलेले सोन्याचे कण दिले आणि काढलेल्या गाठीत सोने सापडले: वाहिन्यांच्या भिंतीत, भक्षक पेशींत आणि गाठीच्या पेशींतही. हेतू किरणोपचाराचा नव्हता आणि सापडलेले प्रमाण डोस वाढवण्याच्या कामाचे नव्हते. तरी वाट पूर्ण बंद नाही एवढे दिसले. अडथळा तात्पुरता उघडण्यासाठी रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून त्यांवर केंद्रित अल्ट्रासाउंड मारण्याचे तंत्र माणसांवर तपासले जात आहे, आणि मला सर्वांत जास्त आशा त्याच्याबद्दल वाटते. कारण त्यात उघडायची जागा निवडता येते, आणि ती जागा माझ्या पडद्यावरची तीच पट्टी असू शकते.

दुष्परिणामांबद्दल थोडेसे. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडावाटे निघून जातात. मोठे कण यकृत आणि प्लीहेत महिनोन्‌महिने राहतात. सुटे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून त्याची पकड सैल होता कामा नये. आणि किरण देताना कण वाहिन्यांच्या भिंतीत असतील तर निरोगी वाहिन्यांनाही झळ बसू शकते, ही माझी खरी काळजी आहे.

काही महिन्यांपूर्वी एका रुग्ण बाईंचा मुलगा मास्क तयार होईपर्यंत बाहेर थांबला होता. फोनवरची एक बातमी पुढे करून त्याने विचारले, “मॅडम, हे सोन्याचे कण आईला देता येतील का?” मी त्याला सांगितले की सध्या हे फक्त चाचण्यांमध्ये दिले जाते, आणि चाचणीत जाता येईल का हे डॉक्टरांना विचारा. त्याने लगेच दुसरा प्रश्न केला, “पण गाठ तर काढली आहे ना? मग कण जाऊन बसणार कुठे?” एवढा नेमका प्रश्न मला परिषदांमध्येही क्वचितच ऐकायला मिळाला आहे.

नव्याने निदान झालेल्या ग्लिओब्लास्टोमात शस्त्रक्रियेनंतरच्या प्रमाण उपचारांना अ‍ॅग्विक्सची जोड देणारी चाचणी फ्रान्समध्ये हाती घेतली गेली आहे. तिचे तपशीलवार निष्कर्ष हाती येतील तेव्हा आयुर्मानाचा तक्ता मी नंतर पाहीन. आधी एमआरआयची चित्रे काढून बसेन, आणि पोकळीच्या कडेपासून बाहेर सरकत दोन सेंटिमीटरच्या पट्टीत गॅडोलिनियमचा संकेत कुठपर्यंत टिकतो ते मोजेन.